शेजारच्या देशांसोबत आयसीयूचं रिसर्च करायचंय? मग आधी केसपेपरवरची "औषध घेतलं" ही ओळ बघा

प्रश्न असा आलाय. नाशिकमधल्याच दहा-बारा बेडच्या आयसीयूत काम करणाऱ्या एका तरुण भूलतज्ज्ञाला श्रीलंका, नेपाळ, बांगलादेश आणि भारतातली हॉस्पिटलं मिळून काम करतात तशा नेटवर्कमध्ये सामील व्हायचंय. मॅनेजमेंट म्हणतंय आपल्याला काय मिळणार, सिस्टर म्हणतायत आणखी एक फॉर्म नको, आणि डॉक्टरांना स्वतःला भीती वाटतेय की आपण नुसते डेटा भरून देणार आणि नाव मोठ्या शहरातल्यांचं होणार. शेवटी विचारलंय की अशा कामाला खरा सपोर्ट म्हणजे काय लागतं, पैसा, माणसं का परवानग्या.

मी चोवीस वर्षं नाशिकात भूल देतेय, त्यातली सोळा-सतरा वर्षं आयसीयूपण बघतेय, त्यामुळे जरा लांबच लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

माझं मत आधीच सांगते. नक्की सामील व्हा. आणि सपोर्ट म्हणाल तर पहिला पैसा, पहिलं ट्रेनिंग आणि पहिला मोकळा तास त्या माणसाला द्या जो रात्री दोन वाजता नोंद करतो. करार, लोगो, उद्घाटनाचा वेबिनार हे सगळं त्याच्यानंतर. असं का म्हणतेय ते एका पेशंटवरून सांगते.

समजा दिंडोरीकडून पेशंट आलाय. रात्रीचे पावणेदोन, पिकअपमध्ये मागे झोपवून आणलेला, सोबत भाऊ आणि चुलता. कॅज्युअल्टीत शिरायच्या आधीच तो उग्र लसणासारखा वास येतो, एकदा नाकात बसला की जन्मभर ओळखू येतो. शर्ट लाळेनं भिजलेला, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत घरघर. भाऊ एकच वाक्य सांगतो, "मॅडम, त्यानं औषध घेतलं." आपल्याकडे फवारणीच्या विषाला विष कुणी म्हणत नाही, ते औषधच. कोणतं औषध? "द्राक्षाला मारतो ते." किती वाजता? "जेवणं झाल्यावर." बाटली? ती घरीच राहिली, किंवा कुणीतरी घाबरून उकिरड्यावर फेकली. इकडे एक सिस्टर फक्त या विषावरच्या उताऱ्याचे, म्हणजे अ‍ॅट्रोपिनचे अ‍ॅम्प्यूल फोडत उभी असते, एकात ०.६ मिलिग्रॅम, ट्रेमध्ये काचांचा ढीग, तिच्या अंगठ्याला आधीच कापलेलं असतं म्हणून वर चिकटपट्टी. आणि सकाळी केसपेपरवर ड्युटीवरच्या डॉक्टरच्या (आरएमओच्या) अक्षरात काय दिसतं, तर "अ‍ॅट्रोपिन ५०". आता हे ५० काय? अ‍ॅम्प्यूल का मिलिग्रॅम? ५० अ‍ॅम्प्यूल म्हणजे ३० मिलिग्रॅम, म्हणजे तब्बल २० मिलिग्रॅमचा फरक. पेशंट वाचला म्हणून आपण तो कागद फाईलला लावतो आणि पुढच्या बेडकडे जातो.

आता हा पेशंट काही एकट्या नाशिकचा नाही. हाच माणूस श्रीलंकेत अनुराधपूरला येतो, बांगलादेशात चितगावला येतो, नेपाळच्या तराईत येतो, तेच शेत, तीच बाटली, तीच रात्रीची वेळ. युरोप-अमेरिकेतल्या आयसीयूत तो वर्षाकाठी एखादा दिसतो, त्यामुळे त्याच्यावरचं उत्तर तिकडून कधी येणार नाही, ते आपल्यालाच शोधावं लागणार. आणि शोधलंयही, त्यात आपल्या महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. बारामतीच्या गिरिराज हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी २०० पेशंटवर ट्रायल केली, म्हणजे दोन गट करून उपचार ताडून बघितले, प्रॅलिडॉक्झिम (या विषानं अडवलेलं शरीरातलं एन्झाइम सोडवणारं औषध, आपण ज्याला पॅम म्हणतो ते) दर चार तासांनी द्यायचं का सलग ड्रिपनं, आणि २००६ मध्ये ती लॅन्सेट या नावाजलेल्या मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. सलग दिलेल्या गटात मृत्यू १ टक्का, दुसऱ्या गटात ८ टक्के. तालुक्याच्या गावातलं आयसीयू आणि लॅन्सेट! मला आठवतं, आम्ही तेव्हा तो पेपर झेरॉक्स काढून ड्युटी रूमच्या भिंतीवर लावला होता.

पण मग २००९ मध्ये श्रीलंकेची ट्रायल आली, २३५ पेशंट, एका गटाला पॅम आणि दुसऱ्याला नुसतं सलाईन. तिथं पॅमच्या गटात मृत्यू जवळपास २५ टक्के आणि सलाईनच्या गटात १६ टक्के. म्हणजे फायदा तर दिसलाच नाही, उलट नुकसान होतंय का अशी शंका. आता कोण खरं? माझ्या मते दोघंही खरे, प्रश्नच वेगळे होते. बारामतीत दोन्ही गटांना पॅम मिळालं होतं, डोस वेगळा होता, पेशंट तुलनेनं लवकर आलेले होते. श्रीलंकेत डोस वेगळा, पेशंट वेगळे, घेतलेली विषं वेगळी. आणि इथंच ती "कोणतं औषध, किती वाजता" ही ओळ जीवावर उठते, कारण या फवारणीच्या विषांत, म्हणजे ऑर्गनोफॉस्फेटमध्ये (ओपी), दोन जाती आहेत, डायमिथाइल आणि डायइथाइल. पहिल्या जातीत एन्झाइम कायमचं निकामी व्हायला लागतं ते फार पटकन, साधारण पावणेचार तासांत अर्धं गेलेलं असतं, दुसऱ्या जातीत त्याला ३३ तासांच्या आसपास लागतात. म्हणजे नऊ वाजता घेतलेला माणूस पावणेदोनला आला तर एका औषधात पॅमची वेळ बरीचशी गेलेली आणि दुसऱ्यात चांगली शिल्लक. आपल्या केसपेपरवर "ओपी पॉयझनिंग" एवढंच लिहिलेलं असेल तर हे दोन पेशंट एकाच रकान्यात जाणार आणि कितीही हजार पेशंट गोळा केले तरी उत्तर गढूळच निघणार.

चितगावचं काम मला त्यामानानं जास्त आवडतं कारण त्यांनी अगदी हाताशी असलेला प्रश्न घेतला. अ‍ॅट्रोपिन ठरावीक वेळानं एकेक डोस एकदम टोचून (बोलसनी) द्यायचं, का दर काही मिनिटांनी डोस दुप्पट करत लाळ-घरघर थांबून पेशंट कोरडा झाला की ड्रिपवर ठेवायचं. १५६ पेशंट, २०१२ मध्ये छापलं. जुन्या पद्धतीत २२.५ टक्के मृत्यू, दुप्पट करत जाण्याच्या पद्धतीत ८ टक्के. ना नवीन औषध, ना महागडं मशीन. फक्त कुणीतरी घड्याळ लावून बसलं आणि लिहून ठेवलं. आमच्याकडे त्यानंतरच बेडच्या डोक्याशी अ‍ॅट्रोपिनचा वेगळा तक्ता आला, वेळ, मिलिग्रॅम, बाहुली, घाम, छातीतला आवाज. मिलिग्रॅममध्येच लिहायचं, अ‍ॅम्प्यूल हा शब्द तक्त्यावर बंद.

श्रीलंकेनं नोंदी जपल्या त्याचा आणखी एक फायदा झाला. तिथल्या ८०२ पेशंटच्या नोंदींतून २००५ मध्ये दिसलं की सगळी ओपी सारखी नाहीत, एकात शंभरातले आठ जातात तर दुसऱ्यात तेवीस. त्या देशानं १९९५ पासून टप्प्याटप्प्यानं सगळ्यात घातक कीटकनाशकांवर बंदी आणत नेली आणि आत्महत्येनं होणारे मृत्यू खूप खाली आले. आयसीयूतल्या सिस्टरनं बाटलीवरचं नाव नीट लिहिलं तर त्याचा उपयोग त्या पेशंटपुरता राहत नाही, तो शेतावरच्या दुकानापर्यंत पोचू शकतो, हे मी आमच्या प्रत्येक नवीन बॅचला सांगते.

आता तुम्ही म्हणाल शेजारीच कशाला, आपला देश एवढा मोठा आहे. खरंय, आणि आपल्या देशात झालंही आहे, क्रिटिकल केअर सोसायटीच्या इंडिकॅप्स नावाच्या पाहणीत २०१०-११ ला १२४ आयसीयूंनी ठरलेल्या चार दिवशी नोंदी केल्या, ४२०९ पेशंट जमले, आपल्या आयसीयूत नेमकं कोण येतं याचा पहिला मोठा फोटो तोच. पण शेजाऱ्यांसोबत करण्याचं बळ वेगळं असतं आणि ते बघायचं तर उत्तर युरोपकडे बघा. आयसीयू ही कल्पनाच तिकडून आली, १९५२ च्या पोलिओच्या साथीत कोपनहेगनला ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञानं ऑपरेशन थिएटरमधलं (ओटीतलं) तंत्र वॉर्डात आणलं, घशात छिद्र करून नळी आणि हातानं बॅग, आणि मेडिकलच्या शेकडो विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून आठवडेच्या आठवडे ती बॅग दाबली. आपलाच माणूस, भूलवाला. त्या देशांची लोकसंख्या किती, तर आइसलंडची आपल्या निफाड तालुक्याहूनही कमी. एकट्यानं कुणालाच पुरेसे पेशंट मिळणार नाहीत म्हणून ते एकत्र आले. डेन्मार्क, नॉर्वे, फिनलंड आणि आइसलंडच्या २६ आयसीयूंनी मिळून गंभीर सेप्सिसमध्ये (इन्फेक्शननं अवयव निकामी व्हायला लागतात तेव्हा) स्टार्चचं सलाईन द्यायचं का साधं रिंगर अ‍ॅसिटेट ते तपासलं, २०१२ ला निकाल आला, ७९८ पेशंट, ९० दिवसांनी स्टार्चच्या गटात ५१ टक्के मृत्यू आणि रिंगरच्या गटात ४३. आम्ही तोपर्यंत बीपी पडलं की हमखास स्टार्चची बाटली लावायचो, चांगल्या भावनेनंच लावायचो, आणि हा आकडा वाचला तेव्हा मी बराच वेळ गप्प बसून होते. दोन वर्षांनी उत्तर युरोपातल्याच गटानं सेप्टिक शॉकमध्ये (सेप्सिसनं बीपी पडतं तेव्हा) रक्त कधी चढवायचं ते बघितलं, हिमोग्लोबिन ९ ला का ७ ला, साधारण हजार पेशंट, मृत्यू जवळपास सारखेच. मे महिन्यात नाशिकच्या रक्तपेढ्यांत साठा कमी असतो, नातेवाईक चिठ्ठी घेऊन इकडून तिकडे पळत असतात, त्यावेळी "थांबा, अजून ७.८ आहे, आज पिशवी लागणार नाही" हे मी ठामपणे सांगू शकते ते त्या हजार अनोळखी पेशंटमुळे.

आणि कोविडमध्ये तर डेन्मार्कवाल्यांनी स्वीडन, स्वित्झर्लंडसोबत भारतालाही घेतलं, डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम का १२, २६ हॉस्पिटलं, सगळं जग धावपळीत असताना २०२१ ला निकाल दिला. म्हणजे आपल्याला जमत नाही असं अजिबात नाही.

श्रीमंत देशांची उदाहरणं नको असतील तर आफ्रिका बघा, भूल देणाऱ्यांसाठी तर मला ते जास्त जवळचं वाटतं. २५ देशांतली २४७ हॉस्पिटलं, प्रत्येकानं फक्त एक आठवडा आपल्याकडे होणाऱ्या ऑपरेशनच्या सगळ्या पेशंटची नोंद करायची, ११,४२२ पेशंट जमले, २०१८ ला छापलं. मृत्यू २.१ टक्के, जगाच्या सरासरीच्या दुप्पट, तेही पेशंट तरुण आणि कमी धोक्याचे असताना. आणि त्यातले ९४ टक्के मृत्यू ऑपरेशनच्या दिवसानंतर झालेले. टेबलवर नाही, नंतर वॉर्डात. हे वाचून मला आपली नाशिकची पद्धत आठवली. आपल्यातले निम्मे भूलतज्ज्ञ फ्रीलान्स, बॅग गाडीत टाकून सकाळी कॉलेज रोड, दुपारी सिडको, संध्याकाळी पंचवटी. पेशंटनं डोळे उघडले, हात धरला, आपण पुढच्या केसला. तिसऱ्या दिवशी वॉर्डात त्याचं काय झालं हे आपल्याला कुणी कळवतच नाही. म्हणजे आपल्या कामाचा जो भाग सगळ्यात धोक्याचा आहे तोच आपल्या नोंदीत नाही. एक आठवडा, सगळे पेशंट, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी एक फोन, एवढं जरी शहरातल्या भूलतज्ज्ञांनी मिळून केलं तरी मला आनंद होईल.

नेटवर्कबद्दल. आपल्या भागात श्रीलंकेतून सुरू झालेलं आयसीयू रजिस्ट्रीचं, म्हणजे सगळ्यांनी एकाच नमुन्यात पेशंटच्या नोंदी ठेवण्याचं, काम आहे, त्याचंच पुढे क्रिट केअर एशिया झालं, वेलकम ट्रस्ट या ब्रिटिश संस्थेनं पैसा दिला, भारत, पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश अशा देशांची स्वतःची रजिस्ट्री त्यात जोडलेली आहे, भारताची आयरिस नावानं २०१९ पासून चालू आहे. यातली मला पटलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक देशाच्या नोंदी त्या देशाच्या रजिस्ट्रीच्या ताब्यात असतात, व्याख्या मात्र सगळ्यांच्या एकच. सीमेवर वातावरण कसंही असो, लाहोरच्या आयसीयूतला आणि नाशिकच्या आयसीयूतला सेप्सिस एकाच व्याख्येनं मोजला जातो, मला हे फार मोठं वाटतं. आणि रकाने आपल्या खिशाला बघून केलेत. पेशंट किती गंभीर ते मोजणाऱ्या अपाची स्कोअरला एबीजीपासून (धमनीतल्या रक्ताची तपासणी) बऱ्याच तपासण्या लागतात, आपल्याकडे प्रत्येकाची एबीजी होत नाही, मग रकाना रिकामा राहतो आणि रिकामा म्हणजे नॉर्मल असं धरून आपला पेशंट आहे त्यापेक्षा बरा दिसतो. म्हणून भारत, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंकेच्याच पेशंटवरून ट्रॉपिक्स नावाचा कमी रकान्यांचा स्कोअर बनवला गेला. तो बघून घ्या.

परवानग्यांचं थोडक्यात, कारण हे वाचून शिकायचं नाही, करून शिकायचं असतं. रिसर्चमध्ये पेशंटचं हित जपलं जातंय ना ते तपासणारी एथिक्स कमिटी हवीच. औषधाच्या ट्रायलसाठी २०१९ चे नियम म्हणतात की तुमच्याकडे कमिटी नसेल तर त्याच शहरातली किंवा ५० किलोमीटरच्या आतली नोंदणीकृत कमिटी चालते, त्यामुळे नाशिकमध्ये बसून "आमच्याकडे कमिटीच नाही" हे कारण चालत नाही, आरोग्य विद्यापीठ आपल्याच गावात आहे, विचारायला माणसं आहेत. ट्रायल असेल तर पहिला पेशंट घेण्याच्या आधी सीटीआरआयवर, म्हणजे ट्रायलच्या सरकारी यादीत, नोंदणी. परदेशी पैसा किंवा परदेशी संस्था भागीदार असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची मंजुरी लागते, तिला वेळ जातो, म्हणून ते काम पहिल्या दिवशी सुरू करायचं, शेवटी नाही. पेशंटचं नाव, फोन, आधार हे हॉस्पिटलच्या बाहेर जाता कामा नये, नंबर देऊन यादी कुलुपात.

संमतीपत्रावर मात्र मी थांबणार, कारण इथं आपण फार घाण काम करतो. इंग्रजीवरून कुणीतरी भाषांतर करून पाठवतं आणि त्यात लिहिलेलं असतं "यादृच्छिक पद्धतीने वाटप". सुरगाण्याहून आलेल्या आईला, जी घरी कोकणा बोलते, तिला हे वाचून दाखवायचं? मला स्वतःला तो शब्द दोनदा वाचावा लागला. आम्ही ते खोडून लिहिलं, "दोन्ही उपचार चांगले आहेत, कोणता जास्त चांगला ते अजून कुणालाच माहीत नाही, तुमच्या माणसाला कोणता मिळेल ते चिठ्ठी काढल्यासारखं कॉम्प्युटर ठरवेल, आणि नाही म्हणालात तरी उपचार थांबणार नाहीत." कमिटीनं ते मंजूर केलं. मालेगाव, सटाण्याकडचे असतील तर अहिराणी येणारा कुणीतरी सोबत बसवा, आमच्याकडे हे काम एक मावशी करायच्या, डॉक्टरांपेक्षा चांगलं करायच्या. औषध घेतलेल्या पेशंटच्या घरच्यांना तर सगळ्यात आधी पोलिसांची भीती असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं असतं, हे त्यांना सांगा, एमएलसी (पोलिसांना कळवायची नोंद) वेगळी आणि हा रिसर्चचा कागद वेगळा हेही सांगा, आणि घाईत सही घेऊ नका.

आता पैसा. मॅनेजमेंटला सांगा की मला मशीन नको, एका अनुभवी सिस्टरचे रोजचे दोन तास हवेत, ड्युटी चार्टवर लिहिलेले, ड्युटी संपल्यावरचे नाही. आम्ही आधी हे चुकवलं होतं. सगळ्यांनी मिळून भरायचं असं ठरवलं आणि कुणीच भरलं नाही, मग महिन्याच्या शेवटी रेसिडेंट बसून आठवून आठवून रकाने भरायला लागले. एकदा जुने कागद काढून ताडून बघितलं तर व्हेंटिलेटर लावल्याची वेळ तीन कागदांवर तीन वेगळी. तो सगळा गठ्ठा आम्ही बाजूला ठेवला. मला त्या मुलांचा राग नाही आला, मी त्यांना वेळच दिला नव्हता. नंतर एका सिस्टरला ते काम नावानं दिलं, भत्ता दिला, सोसायटीच्या कॉन्फरन्सला पोस्टर घेऊन पाठवलं, तिचं नाव पोस्टरवर पहिलं. तेव्हापासून रकाने भरलेले असतात.

तिचं सगळ्यात अवघड काम म्हणजे २८व्या दिवसाचा फोन, पेशंट आहे का गेला ते विचारायचा. आपल्याकडे पैसे संपले की नातेवाईक पेशंटला डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेतात, त्याला डामा म्हणतात. परदेशी फॉर्मवर हा रकानाच नसतो, तिथं डिस्चार्ज म्हणजे बरा झाला. आमच्या भागात डामा म्हणजे पुष्कळदा दोन दिवसांत गेला. तो डिस्चार्जमध्ये धरला तर आपलं आयसीयू कागदावर भारी दिसतं आणि ते खोटं आहे. म्हणून सामील होताना पहिला आग्रह याचा धरा, डामाचा रकाना वेगळा हवा. आणि फोन नंबर दोन घ्यायचे, एक घरातला आणि एक गावातला, पोलीस पाटील नाहीतर किराणा दुकान, कारण पेठकडे रेंज नसते. सिस्टर फोन लावते, आधी विचारते "दादा कसे आहेत आता," आणि पलीकडून कधी कधी नुसतं रडणं येतं. ती फोन ठेवत नाही, ऐकते, मग हळूच तारीख विचारते. हे काम करणाऱ्या बाईला तुम्ही "डेटा एंट्री" म्हणू नका.

नावाचं विचारलंत ते रास्त आहे. सुरुवातीलाच लेखी विचारा की पेपरमध्ये आमच्या आयसीयूची नावं कशी येणार, आमचा स्वतःचा डेटा आम्हाला परत मिळणार का, आणि त्यावर आमचा प्रश्न आम्ही मांडू शकतो का. तिसऱ्याचं उत्तर हो असेल तर तुम्ही नुसते डेटा देणारे राहत नाही. द्राक्षाच्या हंगामातले आपले पेशंट हा तुमचा प्रश्न असू शकतो, तो कोलंबोला सुचणार नाही आणि कोपनहेगनला तर नाहीच.

नेटवर्कला मेल करायच्या आधी एक महिना घरीच करून बघा. एक साधं रजिस्टर, आलेली वेळ, घेतल्याची वेळ, बाटलीवरचं नाव, अ‍ॅट्रोपिन मिलिग्रॅममध्ये, नळी कधी घातली कधी काढली, घरी गेला का डामा का मृत्यू, दोन फोन नंबर. बाटलीचा फोटो कॅज्युअल्टीतल्या मोबाईलवर काढायचा, आणि ती घरी राहिली असेल तर चुलत्याला परत न पाठवता घरच्या कुणाला तरी फोन करून फोटो मागवायचा, ग्लोव्ह्ज घालून हात लावा म्हणून सांगायचं. महिना भरला की रजिस्टर आणि तुमच्या सिस्टर, दोघांना घेऊन या. मी गुरुवारी चारनंतर ओटीतून मोकळी असते, बसून एकेक रकाना बघू.